मुरमांचे खड्डे, डाग आणि गाठी : आधी ओळख, मग उपचार (नागपूरच्या उन्हासकट)

वैदर्भी
"खड्ड्यांवर कोणती क्रीम लावू?" हा प्रश्न मुरमांच्या धाग्यावर सारखा येतो आणि उत्तरात दहा जण दहा ट्यूबांची नावं देतात. त्यातली बहुतेक डागांची असतात, खड्ड्यांची नसतात. म्हणून हा विषय वेगळा काढतेय.

मुरूम बसल्यावर मागे जे उरतं त्याला आपण सरसकट "डाग" म्हणतो आणि पैसा वाया जायला तिथूनच सुरुवात होते. उरतं ते चार तऱ्हेचं असतं. तपकिरी-काळपट रंग, लालसर रंग, खाली बसलेली कातडी म्हणजे खड्डा, आणि वर आलेली कातडी म्हणजे गाठ. काळ्या डागावर खड्ड्याचा जोरदार उपचार केला तर डाग आणखी गडद होऊ शकतो. खड्ड्यावर डागाची क्रीम लावली तर वर्षभरानेही खड्डा तिथेच असतो.

घरी ओळखायचं असं. रात्री खोलीतला दिवा बंद करा, आरशासमोर बसा आणि मोबाईलचा टॉर्च कानाजवळ धरा, म्हणजे प्रकाश गालावरून आडवा जाईल. समोरच्या ट्यूबलाइटवर विसंबू नका, समोरून प्रकाश पडला की खड्डे बुजल्यासारखे दिसतात. आडव्या प्रकाशात ज्याची सावली पडते तो खड्डा. सावली नाही, नुसता रंग वेगळा, तर तो डाग. डाग लालसर असेल तर त्यावर पारदर्शक काचेचा ग्लास हलका दाबा. रंग उडाला तर ती रुंदावलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची लाली. तसाच राहिला तर ते मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य.

आता खड्डे. दोन बोटांनी त्या जागेची कातडी ताणा आणि बघा. पूर्ण सपाट झाला तर तो रोलिंग. हे 4-5 मिलिमीटरपेक्षा रुंद असतात, त्यांना काठ नसतो आणि गाल लाटालाटांचा दिसतो. कातडी खालच्या थराला धाग्यांनी बांधल्यासारखी ओढली गेलेली असते. ताणल्यावर थोडा उथळ वाटला, पण काठ दिसतच राहिला तर तो बॉक्सकार. हा 1.5 ते 4 मिलिमीटर रुंद, काठ उभे आणि तळ सपाट, कांजण्यांच्या व्रणासारखा. ताणूनही काहीच फरक नाही, तोंड 2 मिलिमीटरपेक्षा लहान आणि आत निमुळता खोल, तर तो आइसपिक. पुष्कळ लोक आइसपिकला "उघडी छिद्रं" समजतात आणि छिद्रं आवळणारी टोनर विकत घेतात.

बहुतेकांच्या चेहऱ्यावर तिन्ही मिसळलेले असतात. म्हणून एकाच उपचाराने सगळं जात नाही.

निशिगंध
मग क्रीमने खड्डा भरतच नाही का? इतक्या जाहिराती असतात.

वैदर्भी
@निशिगंध, खड्डा कसा पडतो ते पाहिलं की उत्तर मिळतं. केसाच्या मुळाशी साचलेलं तेल आणि पू यांची पिशवी आतल्या आत फुटते. ते बाजूच्या थरात पसरतं आणि सूज येते. त्या सुजेत तयार होणारी विकरं कोलॅजेन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, खातात. नंतर शरीर दुरुस्ती करतं. ती कमी पडली की खड्डा, जास्त झाली की गाठ. हे सगळं वरच्या पापुद्र्याच्या खालच्या थरात घडतं. वरून लावलेली मॉइश्चरायझर, व्हिटॅमिन ई, कोरफड तिथलं तुटलेलं कोलॅजेन परत बांधत नाहीत.

याला एक अपवाद आहे, ॲडापलीन आणि ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या घराण्यातली औषधं. ॲडापलीन 0.3% आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5% एकत्र वापरून चोवीस आठवडे पाहिलं गेलंय. नवे खड्डे पडायचं प्रमाण कमी झालं आणि जुन्यांतही थोडी सुधारणा दिसली. मोठी नव्हे, थोडी. तरी मी रेटिनॉइडला पहिला नंबर देते, कारण उद्या पडणारा खड्डा ते आज थांबवतं.

औषधी
दुकानाच्या काउंटरवरून सांगायच्या गोष्टी सांगतो.

ॲडापलीन 0.1% ने सुरुवात. रात्री तोंड धुऊन कोरडं करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग मटाराच्या एका दाण्याएवढी क्रीम पूर्ण चेहऱ्याला. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पसरवायचे. नुसत्या फोडावर टिकली लावायची नाही, कारण पुढचा फोड कुठे येणार ते आधी माहीत नसतं. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड. सालपटं निघाली तर आधी मॉइश्चरायझर, वरून क्रीम. पापण्या, नाकपुडीचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोडायचे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुरमं वाढल्यासारखी वाटतात आणि तिथेच लोक ट्यूब फेकतात. खरा फरक दहा-बारा आठवड्यांनी दिसतो. गरोदर असताना किंवा तसा विचार असताना रेटिनॉइड लावायचं नाही. त्या काळात ॲझेलिक ॲसिड चालतं, तेही डॉक्टरांना विचारून.

बेन्झॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवतं. उशीचा अभ्रा, टॉवेल आणि गाडीवर बांधायचा दुपट्टा, तिन्हींवर पिवळट-पांढरे ठिपके पडतात. पांढरा टॉवेल वेगळा ठेवा.

आता महत्त्वाचं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. हायड्रोक्विनोन 2%, ट्रेटिनॉइन 0.025% आणि मोमेटासोन 0.1% अशी तिहेरी क्रीम "डागाची क्रीम" म्हणून मागतात. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून ती मैत्रिणीला, मैत्रिणीकडून बहिणीला जाते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते आणि एकसारख्या बारीक फोडांचं नवं पीक येतं. बंद केली की चेहरा आग आग होतो, म्हणून लोक परत लावतात. 2018 मध्ये सरकारने ही स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. बरेच महिने लावली असेल तर लपवू नका. कोणत्याही लेझर किंवा सुयांच्या उपचाराआधी डॉक्टरांना ते माहीत असलंच पाहिजे. पातळ झालेली कातडी नीट भरून येत नाही.

सक्करदरा_मावशी
पार्लरच्या कामातलं सांगते. आपल्याकडे थंडीत घरोघरी संत्र्याची साल गच्चीवर वाळते, मिक्सरमध्ये फिरते आणि दुधात कालवून तोंडाला लागते. ती पूड बोटांत चोळून बघा. कितीही चाळली तरी टोकदार कण हाताला लागतात. निरोगी कातडीवर एक वेळ चालून जाते. मुरमावर घासली की फोड वरून फुटतो, शेजारी ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखड्याचा आपल्या रंगाच्या कातडीवर काळा डाग बनतो. सालीतलं तेलही चरचरतं. लिंबू तर लावूच नका, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे पट्टे उमटतात.

चालू मुरमं असताना फेशिअलचा मसाज, वाफ आणि सुईने काढलेले ब्लॅकहेड्स हेही थांबवायचं. मुरूम दाबला की पू वर येतो तसाच आतही जातो. कपाळावर थ्रेडिंग करायचं असेल तर रेटिनॉइड चार-पाच दिवस आधी बंद. वॅक्सिंग तर नकोच, क्रीमने नाजूक झालेली वरची कातडी पट्टीबरोबर निघते.

पारवा
काळ्या डागांचं आधी सांगा ना. खड्डे कमी, डागच जास्त अशी पुष्कळ मुलं आहेत.

वैदर्भी
@पारवा, डागांचं त्यातल्या त्यात बरं आहे. तपकिरी डाग वरच्या थरात असेल तर काही महिन्यांत फिका पडतो. निळसर-राखाडी झाक असेल तर रंग खालच्या थरात गेलाय, तो वर्षानुवर्षं राहू शकतो. दोन्हींत पहिलं औषध सनस्क्रीन. त्यानंतर ॲझेलिक ॲसिड 15-20%, नायसिनामाइड 4-5% किंवा रेटिनॉइड. हायड्रोक्विनोन चांगलं काम करतं, पण डॉक्टरच्या नजरेखाली आणि मोजके महिनेच. वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-काळे ठिपके पडतात आणि ते काढणं फार अवघड असतं.

लालीला यातलं बहुतेक लागू नाही. ती बऱ्याचदा सहा-आठ महिन्यांत आपोआप ओसरते. अडून बसली तर रक्तवाहिन्यांवर काम करणारं पल्स्ड डाय लेझर असतं.

सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा 50 आणि पीए+++ असलेलं घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं तोंडाला आणि मानेला मिळून लागतं. बहुतेक लोक याच्या चौथाई लावतात आणि मग "सनस्क्रीनने काही होत नाही" म्हणतात. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. डाग हट्टी असतील तर कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं घ्या, कारण नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही सावळ्या कातडीवर रंग चढतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही.

अंबाझरीकर
दुपट्ट्याबद्दल दोन शब्द. वर्धा रोडवर मे महिन्यात दुपारी गाडी चालवणारी प्रत्येक मुलगी तोंड बांधून असते, चांगलंच आहे. पण कापड उजेडासमोर धरून मागे बोट ठेवा. बोट दिसलं तर ऊनही आत येतंय. जाड विणीचा गडद सुती किंवा दुहेरी घडी पाहिजे. आतून सनस्क्रीन लागतंच. आणि तो रोज धुवायचा. घामाचा, धुळीचा दुपट्टा जबड्यावर घट्ट घासत राहिला की नेमक्या त्याच पट्ट्यात मुरमं येतात. हेल्मेटच्या पट्ट्याचंही तसंच.

कन्हान
आता खड्ड्यांच्या प्रक्रियांकडे येऊ. एक अट पहिले लिहून घ्या. नवीन मुरमं येऊन राहिली असतील तोवर खड्ड्यांना हात लावायचा नाही. दोन-तीन महिने चेहरा शांत पाहिजे. नाहीतर एकीकडे भरून राहिले अन् दुसरीकडे नवे खड्डे पडून राहिले असं होते.

आइसपिकसाठी टीसीए क्रॉस. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचं तीव्र द्रावण थेट खड्ड्याच्या तळाला. 2002 मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी 65% आणि 100% ची पद्धत मांडली. आपल्या रंगाच्या कातडीवर बरेच डॉक्टर 50 ते 70% पासून सुरू करतात. गाल स्पिरिटने पुसून तेल काढतात, कातडी ताणतात, टोकदार लाकडी टूथपिक द्रावणात बुडवून बाटलीच्या काठाला निथळतात अन् फक्त तळाला टेकवतात. दहा-पंधरा सेकंदांत खड्डा दुधासारखा पांढरा होतो. तिथे थांबायचं. एकेका खड्ड्याला हेच. पुढे बारीक खपली धरते, ती साधारण आठवड्याभरात आपोआप पडते. खपली उपटली की डाग पक्का. चार ते सहा आठवड्यांनी परत, असं तीन ते सहा वेळा.

चुकते कुठे? काडीवर थेंब जास्त राहिला तर तो काठावर ओघळतो अन् काठ जळून खड्डा रुंद होते. रुंद, उथळ खड्ड्यावर क्रॉस केलं तरी हेच होते. पहिले काही आठवडे खड्डे गडद अन् मोठे दिसतात, ते आधी सांगून ठेवलं नाही तर पेशंट घाबरून मधेच सोडते.

औषधी
कन्हानच्या वरच्या मुद्द्याला जोडून. ऑनलाइन मिळणारी टीसीएची बाटली घेऊन हे घरी करू नका. कारण टक्केवारीतच घोळ असतो. त्वचारोगात वजन-आकारमान पद्धत चालते. 50 ग्रॅम स्फटिक घ्यायचे आणि पाणी टाकून एकूण आकारमान 100 मिलिलिटर करायचं, ते 50%. कुणी 50 ग्रॅममध्ये 100 मिलिलिटर पाणी ओततं, तर ते 50% उरत नाही. लेबलवर पद्धत लिहिलेली नसेल तर "50%" या आकड्याला काही अर्थ नाही. शिवाय हे स्फटिक हवेतलं पाणी ओढून घेतात, झाकण सैल राहिलं की ताकद बदलते. डोळ्यात थेंब गेला तर बुबुळ भाजतं.

कन्हान
रोलिंगसाठी सबसिजन. इथे वरून कितीही लेझर मारा, खालचा धागा तुटल्याशिवाय कातडी वर येणार नाही. पेशंटला उभं बसवून वरच्या दिव्यात पेनाने खुणा करतात. आडवं झोपवल्यावर खड्डे दिसेनासे होतात, म्हणून खूण पहिले. मग भूल देतात, लिग्नोकेन अन् ॲड्रेनॅलिन. त्याने रक्त कमी येते. 18 गेजची सुई, नोकर नावाची पात्यासारख्या टोकाची सुई किंवा बोथट कॅन्युला कातडीखाली आडवी सरकवतात अन् पंख्यासारखी मागेपुढे फिरवतात. धागे तुटताना करकर आवाज येते, तो पेशंटलाही ऐकू येते. आधी सांगितलेलं बरं. बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटं घट्ट दाबून धरतात अन् बर्फ लावतात.

निळं-जांभळं एक-दोन आठवडे राहते. काहींना टणक गाठी लागतात, त्या बहुधा आठवड्यांत विरतात. कानशिलाजवळ अन् जबड्याच्या कडेला चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या वरवर असतात, तिथे जपून करावं लागते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पहिले सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

बॉक्सकार उथळ असेल तर सुया किंवा लेझरने सुधारते. खोल असेल, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त, तर पंचने. गोल पात्याने खड्डा काढून टाका घालतात. तळाची कातडी चांगली असेल तर ती कापून नुसती वर उचलतात. गोल व्रणाची बारीक रेघ होते, अन् रेघ लेझरने पुसायला सोपी असते.

निशिगंध
डर्मा रोलर घरी फिरवला तर? सगळीकडे मिळतो.

कन्हान
ताई, नका करू. क्लिनिकमध्ये खड्ड्यांसाठी दीड मिलिमीटर किंवा त्यापेक्षा लांब सुया लागतात. आधी भुलीची क्रीम, लिग्नोकेन अन् प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के, पाऊण ते एक तास. मग उभं, आडवं, तिरपं असं चार-पाच वेळा, बारीक रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत. थंड सलाईनच्या गॉजने पुसायचं. चार ते सहा आठवड्यांनी परत, साधारण चार ते सहा सत्रं. घरच्या रोलरच्या सुया पाव ते अर्धा मिलिमीटरच्या. त्या खड्ड्याच्या तळापर्यंत पोचतच नाहीत. लांब सुयांचा मागवला तर घरी तो निर्जंतुक होत नाही. सुयांची टोकं वापराने वाकतात अन् टोचायच्या ऐवजी कातडी ओरबाडतात. पू असलेल्या फोडावरून फिरला की जंतू सगळ्या गालावर. रोलर दोघींनी वापरणं तर हिपॅटायटिस अन् एचआयव्हीला दार उघडं ठेवणं आहे.

सुया मारल्यावर लगेच व्हिटॅमिन सी सीरम वगैरे लावू नका, क्लिनिकमध्ये आग्रह केला तरी. कातडीत भोकं उघडी असतात. वर लावायचं सीरम आत गेलं की त्याभोवती गाठी धरल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पहिले काही दिवस पेट्रोलियम जेली किंवा साधं मॉइश्चरायझर, दुसऱ्या दिवसापासून सनस्क्रीन. रेटिनॉइड आठवडाभर नको.

अंबाझरीकर
लेझरचं बाकी राहिलं. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर, तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर. ते कातडीत हजारो बारीक उभी भोकं पाडतं आणि मधली कातडी शाबूत ठेवतं, तिच्यामुळे भरून यायला वेळ कमी लागतो. काम चांगलं आहे. पण लेझरला घाई करणाऱ्यांना माझा विरोध आहे. गोऱ्या कातडीवरची सेटिंग आपल्याकडे जशीच्या तशी लावली तर महिन्याभरात गालावर चौकटीचौकटीचा काळा ठसा उमटतो. भोकांची दाटी कमी, सत्रं जास्त, हा आपल्या रंगाचा नियम. कुठलंही क्लिनिक "एका सत्रात फरक" म्हणत असेल तर दाटी किती ठेवणार ते विचारा.

डाग सहज पडत असतील तर मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सी बरी. त्यात उष्णता सुईच्या टोकाशी, आत दिली जाते आणि वरचा थर त्यामानाने वाचतो. ओठांवर पाण्याचे फोड अधूनमधून येत असतील तर लेझरआधी सांगा, ॲसायक्लोव्हिर आधीपासून सुरू करतात. नाहीतर ते फोड सोललेल्या गालभर पसरतात.

आणि आयसोट्रेटिनॉइनची (जास्त मुरमांसाठी पोटात घ्यायची रेटिनॉइड) गोळी बंद करून सहा महिने झाल्याशिवाय काहीच करू नये, हेही ठामपणे लिहितो.

वैदर्भी
@अंबाझरीकर, बाकी सगळं मान्य, शेवटचं नाही. तो नियम जुन्या थोड्या केसेसवरून पडला होता. 2017 मध्ये अमेरिकेतल्या आणि आपल्या देशातल्याही त्वचा-शल्यचिकित्सकांनी उपलब्ध पुरावा पुन्हा तपासला. सुया, वरवरचे पील (ॲसिडने वरचा थर सोलणं), बरेचसे फ्रॅक्शनल उपचार यांसाठी सहा महिने थांबायचा आधार सापडला नाही. यंत्राने घासून काढणारं डर्माब्रेजन आणि पूर्ण चेहऱ्याचं थर काढणारं लेझर यांना मात्र थांबावं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण लोक खड्ड्यांच्या घाईत गोळी अर्धवट सोडतात, मुरमं परत येतात आणि नवे खड्डे पडतात.

अंबाझरीकर
@वैदर्भी, पटलं. माझी ओळ "घासणी आणि पूर्ण थर काढणारं लेझर यासाठी थांबा" अशी वाचावी.

औषधी
गोळीचं एवढंच. जेवणाबरोबर घ्यायची, थोडं तेल-तूप असलं की नीट शोषली जाते. लिव्हर आणि चरबीची रक्ततपासणी ठरल्याप्रमाणे. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग होतात. त्याच काळात रक्तदानही नाही.

पारवा
जबड्यावर आणि छातीवर वर आलेल्या गाठी असतील तर? त्यावरही सुयाच का?

कन्हान
भाऊ, उलट आहे. गाठीला टोचलं, कापलं की ती वाढू शकते. छाती, खांदे अन् जबडा या केलॉइडच्या, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणाऱ्या गाठीच्या जागा. तिथे ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन गाठीच्या आत देतात, दर मिलिलिटरला 10 ते 40 मिलिग्रॅम, साधारण चार आठवड्यांनी. इंजेक्शन गाठीखाली गेलं किंवा मात्रा जास्त झाली तर तिथेच खड्डा पडते अन् कातडी पांढरी होते. जोडीला सिलिकॉन जेल किंवा पट्टी, दिवसाचे बारा तास तरी, निदान दोन-तीन महिने. ज्यांच्या छातीवर अशी गाठ आहे त्यांनी चेहऱ्याच्या कुठल्याही प्रक्रियेआधी शर्टची दोन बटणं उघडून डॉक्टरांना ती दाखवावी.

निशिगंध
पीआरपी? आणि कुठे जायचं हेही सांगा कुणी.

वैदर्भी
पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट. सुयांच्या किंवा सबसिजनच्या जोडीला दिली तर थोडी भर पडते. नुसती पीआरपी हा खड्ड्यांचा मुख्य उपचार म्हणून विकला तर घेऊ नका.

कुठे जायचं? नागपुरातली मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं, तिन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. कोणतं यंत्र सध्या चालू आहे ते ओपीडीत थेट विचारा. सबसिजन, क्रॉस आणि पंचला यंत्र लागतच नाही, लागतो तो सरावलेला हात. खाजगीत, धंतोली-रामदासपेठेपासून कुठेही गेलात तरी पाटीवर त्वचारोगाची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. प्रक्रिया कोण करणार, डॉक्टर की मदतनीस? दर एका सत्राचा की सगळ्यांचा? कानामागे आधी छोटी चाचणी करणार का? हे तीन प्रश्न तोंडावर विचारायला संकोच करू नका. पहिल्या भेटीत गाल ताणून न बघता पॅकेज सांगितलं तर उठून या.

अपेक्षेचंही स्पष्ट लिहिते. खड्डे काचेसारखे सपाट होत नाहीत. खोली निम्म्याने कमी झाली तरी चेहऱ्यावरच्या सावल्या पुष्कळ मावळतात आणि चारचौघांत ते जाणवतं.

सक्करदरा_मावशी
फोटोचं सांगून ठेवा, नाहीतर फरक कळतच नाही.

वैदर्भी
हो मावशी, बरं आठवलंत. महिन्यातून एकदा, सकाळी एकाच वेळी, खिडकी एका बाजूला ठेवून, फ्लॅश आणि ब्यूटी फिल्टर बंद. समोरून एक, डावा गाल, उजवा गाल. रोज आरशात बघून फरक दिसत नाही आणि लोक तिसऱ्या सत्रानंतर सोडून देतात, तेव्हा कोलॅजेन बनणं चालूच असतं.

पारवा
शेवटचा प्रश्न. एप्रिलच्या शेवटी लग्न असेल तर सुरुवात कधी करायची? नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपल्यावर लगेच केली तर चालेल का?

वैदर्भी
@पारवा, उलटं मोजा. शेवटच्या सत्रानंतर कोलॅजेन भरायला तीन महिने तरी द्यायचे, म्हणजे शेवटचं सत्र जानेवारीअखेर. सत्रं चार-पाच आठवड्यांनी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं, मग डिसेंबरचा पहिला, पुढे जानेवारीचा पहिला आणि शेवटचा, अशी चार बसतात. त्याआधी चेहरा दोन-तीन महिने शांत पाहिजे आणि मुरमांच्या औषधाला तीन महिने लागतात. म्हणून नवतपा संपला की जूनमध्ये सुरुवात करायची ती मुरमांच्या औषधांची आणि सनस्क्रीनची. सुयांची नाही. ऑक्टोबरचं ऊन सरू द्या. थंडीत हवा गार असली तरी आपण 21 अंश अक्षांशावर आहोत, डिसेंबरचं दुपारचं ऊनही डाग पाडायला पुरतं. सत्रानंतरचे पहिले आठ-दहा दिवस सकाळी दहा ते चार सावलीतच. फेब्रुवारीनंतर नवीन काहीही सुरू करू नका. हळदीच्या आधी नवा पील किंवा नवं सीरम तर अजिबात नाही. हळद लावायला हरकत नाही, पण लिंबू पिळू देऊ नका.